‘कोणी आलं नाही’चं इंग्रजी : समवन, एनीवन आणि नोबडी

वही उघडा आणि हे एक वाक्य इंग्रजीत लिहा : ‘कोणी आलं नाही.’ खालचं वाचायच्या आधी लिहा, नाहीतर मजा नाही.

आमच्या गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी मी पोरापोरींना इंग्रजी शिकवतो. पहिल्या दिवशी हेच वाक्य देतो आणि दरवर्षी तीच तीन उत्तरं येतात. ‘समवन डिड नॉट कम.’ ‘एनीवन डिड नॉट कम.’ आणि ज्याला नोबडी हा शब्द आधीपासून माहीत असतो तो हुशार पोट्टा लिहितो, ‘नोबडी डिड नॉट कम.’ तिन्ही चूक. तिसऱ्याचा अर्थ तर पार उलटा होतो : न आलेला असा कोणी नाही, म्हणजे सगळेच आले! बरोबर उत्तर दोन शब्दांचं आहे. नोबडी केम. ते फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘पण सर, मग नाही कुठं गेलं?’

प्रश्न फार चांगला आहे. त्याच्या उत्तरातच जवळजवळ सगळा धडा येतो, म्हणून तो तिसऱ्या पायरीपर्यंत राखून ठेवू.

माझ्याकडे येणारी मंडळी तीन तऱ्हेची. एक, तलाठी भरतीची तयारी करणारे. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, त्यामुळे हे सगळ्यांत गंभीर. दुसरे, पुण्याला नाहीतर नागपूरच्या मिहान ह्या उद्योग-प्रकल्पात काही काम मिळतं का ते बघायला निघालेले. तिसरे एक-दोन संत्र्याच्या बागेवाले, ज्यांना बाहेरच्या व्यापाऱ्याशी फोनवर चार वाक्यं धड बोलायची असतात. पोलीस भरतीवाले फिरकत नाहीत. त्यांच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नाही, ते पहाटे रोडवर पळतात. पण येतात त्या तिघांचंही चाक एकाच ठिकाणी रुततं. शब्दसाठा कमी म्हणून नव्हे. ‘कोणी’ हा आपला एकच शब्द इंग्रजीच्या तीन-चार शब्दांचं काम करतो, आणि तो नेमका कोणतं काम करतोय हे बोलताना आपल्याला कधी बघावंच लागलेलं नसतं.

पायरी पहिली : आधी घरचे शब्द मोजा

भरतीवाल्यांना मराठीची मूळ सर्वनामं तोंडपाठ असतात. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. एकूण ९. ह्यात ‘कोणी’ नाही, कारण ते ‘कोण’चंच पोर. मराठीला न ठरलेल्या माणसाबद्दल बोलायचं असलं की ती प्रश्नाचा शब्द उचलते आणि त्याला शेपूट लावते. कोण, त्यावरून कोणी, कोणीतरी, कोणीही. काय, त्यावरून काही, काहीतरी, काहीही. कुठे, कुठेतरी, कुठेही. कधी, कधीतरी, कधीही. शेपटं दोनच आहेत, तरी आणि ही. आपल्या वऱ्हाडीत ‘ही’च्या जागी ‘बी’ येतं, कोनी बी.

इंग्रजीने वेगळी वाट धरली. तिच्याकडे पुढं लावायचे चार तुकडे आहेत : सम, एनी, नो, एव्हरी. मागं लावायचे चार : वन, बडी, थिंग, व्हेअर. पुढच्या प्रत्येकाची मागच्या प्रत्येकाशी जोडी लावा, १६ शब्द तयार. पाठ मात्र आठच तुकडे करायचे. वन आणि बडी माणसासाठी, थिंग वस्तूसाठी, व्हेअर जागेसाठी. समवन आणि समबडी ह्यांच्या अर्थात फरक नाही. बोलण्यात बडी जरा घरगुती वाटतं, लिहिण्यात वन जास्त दिसतं, एवढंच. ह्यावर वेळ घालवू नका. गाइडांमध्ये ह्या फरकावर अर्धं पान खर्च केलेलं मी पाहिलंय. ते पान पलटलं तरी चालेल.

वन म्हणजे एक हे सगळ्यांना माहीत. गंमत अशी की एनीच्या पोटातही तोच ‘एक’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘एक’ अर्थाच्या शब्दाला प्रत्यय लागून एनी तयार झाला. म्हणजे एनीवन ह्या शब्दात ‘एक’ दोनदा बसलाय. ‘एकही’, ‘एखादा’ हे आपले शब्दही एकावरूनच निघाले. तेव्हा एनी परका वाटला तर ‘एखादा एक’ एवढं मनात ठेवा.

लिहिताना एक काळजी घ्या. समवन, एनीवन, एव्हरीवन जोडून लिहायचे. नोबडी, नथिंगसुद्धा जोडून. नो वन मात्र तोडून, दोन शब्दांत. जोडलं तर दोन ‘ओ’ शेजारी येतात आणि वाचणारा ‘नून’ म्हणजे दुपार वाचायला लागतो.

पायरी दुसरी : शेपूट लावून बघा

नुसता मोकळा ‘कोणी’ फसवा असतो. मराठी वाक्यात कोणी दिसलं की इंग्रजीकडे धावायच्या आधी त्याला ‘तरी’ लावून बघा. वाक्याचा अर्थ जागचा हलला नाही तर समवन. ‘ही’ लावून वाक्य जसंच्या तसं राहिलं तर एनीवन.

‘दार वाजवलं वाटतं कोणी.’ कोणीतरी वाजवलं? हो. समवन नॉक्ड. ‘बांधावरची बाभूळ कोणीतरी तोडली.’ समवन कट डाउन द ट्री. इथं माणूस आहे. एक आहे, खरा आहे, त्याच्या हातात कुऱ्हाडही होती. फक्त त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही. गावात दुसरीच शक्यता जास्त. दोन्ही वेळी समवनच लागतो.

एनीवनच्या मागं असा ठरलेला माणूस नसतो. कोणालाही उभा करा, वाक्य खरंच राहतं. मतदार यादीत नाव असलेला कोणीही ग्रामसभेत उठून बोलू शकतो. एनीवन ऑन द व्होटर लिस्ट कॅन स्पीक इन द ग्रामसभा. सरपंचाचा भाऊ बोलला तरी वाक्य खरं, ज्याचं घर गावाच्या शेवटी आहे तो बोलला तरी खरं.

हा फरक सगळ्यांत चांगला कळतो तो पत्ता सांगताना. पाहुणा फोनवर विचारतो, फाट्यावर उतरल्यावर घर कसं सापडेल? तुम्ही म्हणता, ‘पानठेल्यावर कोणालाही विचारा.’ आस्क एनीवन अ‍ॅट द पानठेला. ह्यात ‘आपल्याले सारे ओळखतात’ हा दिमाख आहे. त्याऐवजी ‘कोणाला तरी विचारा’ म्हणालात, आस्क समवन, तर पाहुण्याला वाटेल की ह्यांना आपण येणं फारसं मानवलेलं नाही. दोन्ही भाषांत फरक तोच, तितकाच. म्हणून मी पोरांना सांगतो की तुम्हाला हे येतंच, फक्त शेपूट बघायची सवय नाही.

एनीवनला काही सोबती आवडतात. कॅन, मे, विल हे शब्द असले, किंवा ‘विचारा’, ‘घेऊन या’, ‘बोलवा’ असा हुकूम असला, की तो खुशीत असतो. न आवडणारी गोष्ट म्हणजे एकदा घडून गेलेली साधी घटना. ‘एनीवन केम यस्टरडे’ असं होत नाही. काल आला तो माणूस ठरलेला होता. तो चपला काढून आत आला, पाणी प्यायला. आता तो ‘कोणीही’ कसा असेल? तो समवन.

पायरी तिसरी : ‘नाही’ कुठं गेलं

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे या. इथं घाई करू नका. माझ्या वर्गात ह्या एका पायरीला चार संध्याकाळी जातात.

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘कोणी आलं नाही.’ कोणी अगदी सुरुवातीला, नाही अगदी शेवटाला, आणि तरी नाहीचा परिणाम कोणीपर्यंत पोचतो. आपलं नाही म्हणजे पाऊस आहे. उशिरा आला तरी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सगळं वावर भिजवतो. चढावरचं, उतारावरचं, सगळं.

इंग्रजीतला नकार म्हणजे पाटाचं पाणी. जिथं सोडलं तिथून ते फक्त उताराकडे, म्हणजे पुढच्या शब्दांकडे वाहतं. मागं राहिलेलं वावर कोरडं ते कोरडंच. आणि नकाराच्या वाक्यातलं एनीवन हे ओलिताचं पीक आहे, त्याला हे पाणी लागतं.

‘आय डिड नॉट मीट एनीवन.’ नॉट आधी आहे, एनीवन त्याच्या पुढं. पाणी मिळालं, वाक्य हिरवं. ‘मला कोणी भेटलं नाही.’

‘एनीवन डिड नॉट कम.’ इथं एनीवन चढावर आणि पाणी सोडलंय खाली. पीक जळालं. हे वाक्य इंग्रजी माणसाला नुसतं चुकीचं वाटत नाही, त्याला त्याचा अर्थच लागत नाही.

मग करायचं काय? कोणी हा कर्ता असेल, वाक्याच्या तोंडाशीच असेल, तर नकार त्याच्याही आधी नेता येत नाही. तेव्हा इंग्रजी नकार कर्त्याच्याच आत भरते. नो अधिक वन. नो अधिक बडी. पाण्याचं तोंडच पहिल्या शब्दात. सर, नाही कुठं गेलं? नोबडीच्या नोमध्ये जाऊन बसलं. आणि एकदा तिथं बसलं की क्रियापदाजवळ दुसऱ्यांदा लिहायचं कारण उरत नाही. ‘नो वन केम.’ ‘नोबडी केम.’ झालं.

आता ‘कोणीही’ची एक खोडी. मघाशी म्हटलं, ‘ही’ लागलं की एनीवन. पण ‘कोणीही आलं नाही’मध्येही ‘ही’ आहे. ती चाचणी होकाराच्या वाक्यापुरतीच. नाही दिसलं की शेपूट सोडा आणि फक्त जागा बघा : कोणी कर्ता आहे का? असला तर नो वन. कर्ता दुसराच असला आणि कोणी नंतर येत असला तर नॉट आणि पुढं एनीवन. ‘सरपंचाने कोणालाही बोलावलं नाही.’ कर्ता सरपंच. द सरपंच डिड नॉट कॉल एनीवन. ‘सरपंचाला कोणीही बोलावलं नाही.’ कर्ता कोणी. नो वन कॉल्ड द सरपंच. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवा. परीक्षेत असल्याच जोड्या विचारतात.

सुरुवातीच्या तीन चुकांपैकी पहिलीची थोडी कड घ्यायला हवी. ‘समवन डिड नॉट कम’ हे व्याकरणाने चुकीचं नाही. त्याचा अर्थ वेगळा आहे : कोणीतरी एक आलेलं नाही, बाकीचे आले. लग्नाची पंगत बसलीय, सगळी पानं भरली, एकच रिकामं. तिथं हे वाक्य बरोबर बसतं. आपल्याला म्हणायचं होतं की पंगतच रिकामी.

दोन नकारांचं काय? आपण मराठीत बिनधास्त म्हणतो, ‘कोणीच काहीच बोललं नाही.’ जोर वाढतो, अर्थ उलटत नाही. इंग्रजीही एके काळी अशीच होती. चौदाव्या शतकात चॉसरसारखे कवी एका वाक्यात दोन-दोन, तीन-तीन नकार रचत आणि त्याचा अर्थ नकारच असे. पुढं १७६० च्या दशकात रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्याने व्याकरणात नियम नोंदवला की दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि होकार उरतो. तो एकटाच नव्हता, पण शाळांमध्ये हे गणित पक्कं झालं. इंग्लंड-अमेरिकेच्या कित्येक बोलींत आजही ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘मला काही माहीत नाही’ असाच असतो. मला विचाराल तर आपल्या आजीचं ‘कोनीच काईच नाई बोल्लं’ लाउथसाहेबांच्या गणितापेक्षा जास्त स्वच्छ आहे. पण पेपर तपासणारा आजीचा नातू नसतो. अर्जात, मुलाखतीत, परीक्षेत एका क्रियापदाला नकार एकच.

नकाराचे काही शब्द वेश बदलून येतात. विदाउट, नेव्हर, हार्डली. ह्यांच्यातूनही तेच पाणी वाहतं, म्हणून पुढं एनीवन चालतो. ‘कोणाला न सांगता गेला.’ ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन. ‘आता आमच्याकडे ज्वारी फारसं कोणी पेरत नाही.’ हार्डली एनीवन ग्रोज ज्वारी हिअर नाउ. ह्या शेवटच्या वाक्यात डझंट घुसडायचा मोह फार होतो. ‘फारसं कोणी नाही’ हा सगळा ऐवज हार्डली एनीवन ह्या दोन शब्दांत आला, नाही त्यातच संपलं.

एक वाक्य मराठीतही गोंधळाचं आहे. ‘सगळे आले नाहीत.’ म्हणजे काही आले, काही राहिले? की एकही आला नाही? आपण आवाजाच्या चढउतारावरून ओळखतो. ‘एव्हरीवन डिड नॉट कम’ लिहिलंत तर तोच गोंधळ इंग्रजीत नेलात. काही आले, काही राहिले असं म्हणायचं असेल तर पाणी एव्हरीवनच्याही वर सोडा. नॉट एव्हरीवन केम.

पायरी चौथी : प्रश्न विचारताना

गाइडात लिहिलेलं असतं, ‘होकारार्थी वाक्यात सम, नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यात एनी.’ हा नियम अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा नियम पोरांना जास्त नडतो.

एखाद्याच्या अंगणात उभं राहून तुम्ही हाक देता, ‘हाय का कोनी घरात?’ आत माणूस आहे की नाही काही अंदाज नाही. इज एनीवन होम? बरोबर. आता दुसरं : तुम्ही वावरातून येताय आणि मागून स्पष्ट हाक ऐकू आली. वळून विचारता, ‘कोणी बोलावलं का?’ इथं तुम्हाला खात्री आहे की बोलावलं. डिड समवन कॉल मी? तेव्हा प्रश्नचिन्हाकडे बघून ठरवू नका. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघा. उत्तर ‘हो’ येईल अशी अपेक्षा असेल तर सम, काहीच अंदाज नसेल तर एनी.

हीच गोष्ट पाहुणचारात. ‘वुड यू लाइक समथिंग टु ईट?’ ह्यात ‘घ्या ना काहीतरी’ असा आग्रह आहे. समोरच्याने हो म्हणावं अशी इच्छा आहे, म्हणून सम. एनीथिंग वापरलं तर चूक होत नाही, पण सूर ‘घेणार आहात का काही?’ असा कोरडा होतो. आमच्याकडे पाहुण्याला चहाचं विचारतच नाहीत, आधण ठेवलेलंच असतं. तरी इंग्रजीत विचारायची वेळ आली तर समथिंगच वापरा.

इफ असलं की बहुतेक वेळा एनीवन. ‘कोणी विचारलं तर सांग मी वावरात आहे.’ इफ एनीवन आस्क्स, टेल देम आय अ‍ॅम इन द फील्ड. आणि इथं एक शंका यायला हवी. विचारणारा एक, मग देम म्हणजे ‘त्यांना’ कसं?

पायरी पाचवी : जो तो

ह्या शंकेचं उत्तर द्यायच्या आधी एकवचनाचा हिशेब मिटवू. समवन, एनीवन, नो वन, एव्हरीवन, सगळ्यांना क्रियापद एकवचनी. एव्हरीवन इज, एव्हरीवन हॅज, एव्हरीवन नोज. पहिल्या तिघांचं कोणी चुकत नाही. चुकतं ते एव्हरीवनचं, कारण आपण मनात ‘सगळे’ म्हणतो आणि सगळे आहेत, म्हणून एव्हरीवन आर. उपाय सोपा आहे. मनातला शब्द बदला. ‘सगळे’ सोडा, ‘जो तो’ धरा. जो तो आपल्या कामात आहे. जो तो पेरणीच्या मागे लागलाय. जो तो म्हणतोय. मराठीत जो तो एकवचनीच चालतो आणि त्यात सगळं गावही येतं. एव्हरीवन इज बिझी विथ सोइंग. ही युक्ती सांगितल्यावर माझ्या वर्गात ही चूक जवळपास थांबली.

आता देम. मराठीला माणूस बाई की बाप्या हे माहीत नसलं की ती नपुंसकलिंग वापरते. ‘कोणी आलं.’ ‘कोण आलं?’ आला नाही, आली नाही, आलं. इतकं सहज की आपल्या लक्षातही येत नाही. इंग्रजीला ही सोय नाही. तिचं नपुंसकलिंगी इट माणसाला लावलं तर अपमान होतो. मग तिने अनेकवचन उसनं घेतलं. दे, देम, देअर. एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर टिफिन. जो तो आपला डबा घेऊन आलाय. क्रियापद हॅज एकवचनी आणि देअर अनेकवचनी, एकाच वाक्यात. विचित्र दिसतं, पण चौदाव्या शतकापासून लिहिलं जातंय. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्यावर आक्षेप घेतला आणि देअरच्या जागी हिज लिहायला लावलं. बाईबद्दल असलं तरी हिज! आता वारं फिरलंय. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०१९ चा वर्षाचा शब्द म्हणून ‘दे’च निवडला होता.

परीक्षेवाल्यांना मात्र सावध करतो. जुन्या वळणाच्या गाइडांत अशा वाक्याला हिज हेच उत्तर छापलेलं असतं. पर्यायांत हिज असेल आणि देअर नसेल तर मुकाट्याने हिजवर खूण करा. बोलताना, अर्जात, मेलमध्ये देअर वापरा. हे दुटप्पी वाटेल, पण मार्क घेऊन मग बदल घडवता येतो.

किरकोळ, पण नडणारं

एनीवन जोडून आणि एनी वन तोडून ह्यांत फरक आहे. पुढं ‘ऑफ’ आलं की तोडा. तुमच्यापैकी कोणीही एक, एनी वन ऑफ यू. पोळ्याला प्रत्येक बैलाची शिंगं रंगवली, ह्यातला प्रत्येक बैल म्हणजे एव्हरी वन ऑफ द बुलक्स, तोडून. जोडलेला एव्हरीवन फक्त माणसांचा. बैलावर आपला कितीही जीव असला तरी.

विशेषण मागून येतं. समथिंग हॉट, समवन न्यू. ‘हॉट समथिंग’ होत नाही. आपलंही ‘काहीतरी गरम’ ह्याच क्रमाने जातं, तेव्हा हे जड जाऊ नये.

‘दुसरं कोणी’ म्हणजे समवन एल्स. अनदर समवन असं काही नसतं. ‘दुसऱ्याच कोणाची सायकल’ असेल तर समवन एल्सेस बायसिकल.

समबडीचा एक तिरकस उपयोग आहे. ‘ही थिंक्स ही इज समबडी.’ स्वतःला मोठा कोणी समजतो. आपण भांडणात म्हणतो ना, ‘तू कोण लागून गेला बे?’ त्याच घरातलं हे. त्याचं उलट नोबडी, म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही असा माणूस. ह्या अर्थाने वापरताना जपून.

नन हा शब्द नो वनचाच भाऊ, पण त्याच्यामागं ऑफ चालतं. नन ऑफ अस, आमच्यापैकी कोणी नाही. नो वन ऑफ अस लिहू नका.

सरावाला काय करायचं

पुस्तक नको. दिवसभर कानावर पडणारे ‘कोणी’ वेचा. सकाळी दूध डेअरीवर, दुपारी फाट्यावर बस येईस्तोवर, संध्याकाळी पारावर. प्रत्येक कोणीचं शेपूट ओळखा, त्यात नाही आहे का बघा, आणि मनातल्या मनात फक्त एक शब्द ठरवा. समवन, एनीवन की नो वन. पूर्ण वाक्य करायची गरज नाही. आठ दिवसांत हात बसतो. आमच्या वर्गातली एक पोरगी कापूस वेचताना हे करायची. बायका बोलत, ती मनात खुणा करत जाई. महिन्याभरात ती बाकीच्यांच्या पुढं गेली.

तोवर ही पाच वाक्यं. आधी वहीत, मग उत्तर.

‘कोणीतरी बैल सोडून दिले.’ समवन अनटाइड द बुलक्स. तरी दिसलं, माणूस ठरला.

‘हे काम कोणीही करील.’ एनीवन कॅन डू धिस. होकार, ही, आणि कॅनची सोबत.

‘मी गावात कोणाला ओळखत नाही.’ आय डोन्ट नो एनीवन इन द व्हिलेज. कर्ता मी, म्हणून नॉट आधी, एनीवन उतारावर.

‘मला कोणी काही सांगितलं नाही.’ इथं थांबा. कोणी कर्ता आहे, म्हणून नो वन. काही त्याच्या पुढं आहे, आणि नोमधून सुटलेलं पाणी तिथवर वाहत येतं, म्हणून एनीथिंग. नो वन टोल्ड मी एनीथिंग. नथिंग लिहिलंत तर लाउथसाहेब आडवे येतील.

आणि शेवटचं. हे वाक्य माझं नाही, आमच्या वर्गातल्या एका बाईंनी फळ्याकडे बघत वैतागून म्हटलं होतं, आणि मी तेच सगळ्यांना लिहायला दिलं. ‘आमच्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही.’ दोन कोणी, एक काही, आणि नाही एकच, तेही शेवटी. पहिल्या कोणीच्या पोटात नकार भरा आणि बाकीच्यांना पाणी जाऊ द्या.

इन अवर हाउस, नो वन टेल्स एनीवन एनीथिंग.